महूला बदली झाली आहे. रविवारी कुठे कुठे जाता येईल?

कागलची_सून

नमस्कार. माझे यजमान सैन्यात आहेत आणि जूनअखेर त्यांची महूला बदली झाली. आधीची अडीच वर्षे ते फिल्ड पोस्टिंगवर होते आणि मी सासरी कागलला होते, त्यामुळे लग्नानंतर सलग एका घरात राहण्याची आमची ही पहिलीच वेळ आहे. क्वार्टर मिळाले आहे. काळ्या ट्रंकांवरचा जुन्या युनिटचा पत्ता मात्र अजून पुसायचा राहिला आहे.

पहिल्या रविवारी आम्ही येथील भीम जन्मभूमी स्मारक पाहिले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म याच छावणीत झाला, हे शाळेत पाठ केले होते. परंतु छावणीत राहायला आल्यावर ते वाक्य निराळे वाटले. त्यानंतर इंदूरला दोनदा जाऊन आलो. आता पुढे काय पाहावे, हे कळत नाही. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी आम्ही मोकळे असतो, महिन्यातील एका रविवारी यजमानांना ड्युटी असते आणि रात्री बाहेर मुक्काम करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. वाहन म्हणून मोटारसायकल आहे. अशा बेताने कोणत्या महिन्यात कोठे जावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_सिग्नलमन

सूनबाई, मी महूत दोन वेळा राहिलो आहे आणि पहिल्या खेपेस तीन महिने नुसता इंदूरलाच जात होतो, म्हणून सांगतो. ठिकाणांची यादी करण्याआधी नकाशावर महूच्या दक्षिणेकडे पाहावे. माळव्याचे पठार तेथे एकाएकी संपते, विंध्याचा कडा उतरतो, खाली निमाड लागतो आणि निमाडातून नर्मदा वाहते. पावसाळ्यात कड्यावर राहावे आणि थंडीत खाली उतरावे, एवढे धरून चालले तरी तुमचे वर्षभराचे रविवार आपोआप ठरतील.

सध्या जानापाव पाहावे. चंबळेचा उगम या डोंगरावर आहे. येथील लोक साडेसात नद्या निघतात असे सांगतात. अर्धी नदी कोणती, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळाले नाही. एवढे मात्र खरे की, उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला जातो आणि दक्षिणेचा नर्मदेला मिळतो. पातालपाणीचा धबधबा तर छावणीपासून अगदी जवळ आहे. तो कठड्याच्या अलीकडूनच पाहावा, कारण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते, आणि २०११ साली पाण्यात उतरलेली माणसे याच कारणाने वाहून गेली. तेथून काळाकुंडपर्यंत मीटरगेजची हेरिटेज गाडी २०१८ मध्ये सुरू झाली. ती चालू आहे किंवा नाही, हे स्थानकावर विचारून मगच बेत आखावा.

नर्मदाकाठचे महेश्वर आताच नको आणि उन्हाळ्यात तर मुळीच नको. मी मे महिन्यात भर दुपारी सौभाग्यवतींना घाटावर नेले होते. अहिल्येश्वराच्या दारात चपला काढल्या आणि परत येईपर्यंत दगडी पायऱ्या अशा तापल्या होत्या की, त्यांनी माझा रुमाल एका पायाखाली आणि स्वतःचा पदर दुसऱ्या पायाखाली धरून त्या उतरल्या. घरी पोहोचेपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

राजवाड्यामागची

काकांचे महेश्वरविषयीचे म्हणणे मान्य आहे. मी जन्मापासून इंदूरची आहे, म्हणून त्यात थोडी भर घालते. डिसेंबरात परवानगी काढून शनिवारी रात्रीचा मुक्काम तेथेच करावा. अहिल्याबाईंच्या वाड्यात आजही रोज सकाळी मातीची लहान लहान शिवलिंगे घडवून त्यांची पूजा करतात आणि मग ती नर्मदेत विसर्जित करतात. सकाळी महूहून निघालात तर ते हुकेल. दुपारी विणकरांकडे जावे. महेश्वरी साडीचे काठ किल्ल्याच्या व मंदिरांच्या नक्षीवरून घेतलेले आहेत, त्यामुळे आधी किल्ला पाहून मागवर बसलेल्या बाईंजवळ उभे राहिल्यास काठातली नक्षी लगेच ओळखू येते. भाव करताना मात्र एका साडीला किती दिवस लागले, हे आधी विचारावे. मग फारसा भाव करवत नाही.

मांडू पावसाळ्यातच पाहावे, पण ऑगस्टच्या रविवारी सारे इंदूर तेथे लोटते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे. मुंज तलाव आणि कापूर तलाव भरलेले असले म्हणजे जहाजमहाल खरोखर पाण्यात उभा दिसतो. रूपमती मंडप मुळात टेहळणीची चौकी होती असे मानतात, त्यामुळे तुमचे यजमान तेथे तुमच्यापेक्षा जास्त वेळ रमतील. वाटेत ‘मांडूची इमली’ म्हणून जे केसाळ, कठीण फळ विकतात, ती आपली गोरखचिंच आहे.

नर्मदाकाठ

वरील दोन्ही उत्तरांत रावेरखेडी राहिले, याचे नवल वाटले. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मोहिमेवर असतानाच तापाने तेथे वारले. नर्मदेच्या काठावर त्यांची समाधी आहे. बडवाह, सनावद असा रस्ता असून ओंकारेश्वरही त्याच बाजूला येते. तरीही दोन्ही एका दिवसात उरकू नयेत. ओंकारेश्वराच्या गर्दीतून थकून आलेला माणूस समाधीजवळ दहा मिनिटेही थांबत नाही, आणि ती जागा तर निवांत बसण्याचीच आहे. मात्र केवळ मराठी खुणा शोधत फिरू नये, हेही सांगावेसे वाटते. पातालपाणीला इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाचे स्मारक आहे, तेथे घटकाभर थांबावे; निमाडातील माणसे त्याला आजही मामा म्हणतात.

कागलची_सून

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या सांगण्याप्रमाणे या रविवारी आम्ही जानापावला निघालो होतो, परंतु शेजारच्या क्वार्टरमधील ताईंनी आधी जाम दरवाजा पाहा असे सुचवले, म्हणून मंडलेश्वरच्या रस्त्याने तिकडे गेलो. अहिल्याबाईंच्या काळातील तो दगडी दरवाजा ऐन कड्यावर उभा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ढग इतके खाली उतरले होते की, कमानीच्या अलीकडे मक्याची कणसे भाजणारी बाई दिसत होती आणि पलीकडे केवळ पांढरा पडदा होता. निमाड कोठे आहे, असे मी विचारले, तेव्हा तिने हातातील कणसाने खाली बोट दाखवावे तसे दाखवले आणि थांबा म्हणाली. आम्ही दोन दोन कणसे खाऊन होईपर्यंत थांबलो. मग ढग मधोमध फाटले आणि खूप खाली हिरवी शेते, एक वळणाचा रस्ता आणि त्यावरची मुंगीएवढी बस दिसली. यजमानांनी सवयीने तेथील अंतराचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

मांडूसाठी पुढच्या रविवारचा बेत आहे. डिसेंबरातील महेश्वरच्या मुक्कामाचा अर्ज त्यांनी आताच लिहून ठेवला आहे, आणि मी दोन जाड मोज्यांचे जोड बाजूला काढले आहेत.