शब्दचर्चा : 'वाकारेमे' म्हणजे फाटा की निरोप?

जपानी शिकणाऱ्यांना आणि शब्दांची आवड असलेल्या सगळ्यांना प्रश्न आहे. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. मार्चमधल्या 'सोत्सुग्यो-शिकी'त, म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याच्या समारंभात, मुलं एकत्र गाणी म्हणतात. त्यांतलं 'आओगेबा तोतोशी' मी मराठीत आणायचा प्रयत्न करते आहे. त्याची तिन्ही कडवी एकाच ओळीवर संपतात : 'इमा कोसो वाकारेमे, इझा साराबा'. शब्दकोशात 'वाकारेमे' म्हणजे रस्ता दुभंगतो ती जागा, आपल्याकडे ज्याला फाटा म्हणतात ते. मग 'हाच तो फाटा, चला, निरोप' असं करावं का? आणि या सगळ्या गाण्यांना मराठीत म्हणावं काय? 'पदवीदान गीत' मला पटत नाही.

प्रतिसाद

ताई, फाटा नको. कोशातला शब्द बरोबर आहे, पण तो वेगळा शब्द आहे. खुद्द जपानी माणसंही ही ओळ तशी समजतात, कारण उच्चार तंतोतंत सारखा आणि अर्थही बसल्यासारखा वाटतो.

इथे 'वाकारे' हे क्रियापदाचं रूप आहे आणि 'मे' हा जुन्या भाषेतल्या 'मु' या साहाय्यक क्रियापदाचा बदललेला आकार. 'मु' इच्छा किंवा निश्चय दाखवतो. वाक्यात 'कोसो' आला की जुन्या जपानीत शेवटचं क्रियापद ठरावीक रूपातच यावं लागतं, म्हणून 'मु'चा 'मे' झाला. आजच्या बोलीत हा नियम उरलेला नाही, त्यामुळे कानाला 'मे' हे नामच वाटतं.

मराठीत हे फार सहज बसतं. 'कोसो' म्हणजे आपला जोर देणारा 'च'. 'इमा कोसो' म्हणजे 'आत्ताच'. 'वाकारेमे' म्हणजे 'निरोप घेऊ या'. फाटा म्हटलं की रस्ता आपोआप दुभंगतो, माणसं नुसती उभी असतात. मूळ ओळीत मुलं ठरवून निघतात. त्या गाण्याचा सगळा कणा त्या 'मे'मध्ये आहे असं मला वाटतं.

'साराबा'बद्दलही सांगतो. त्याचा मूळ अर्थ 'असं असेल तर'. 'सायोनारा'ही तसाच बनलेला आहे. आपण उठताना 'बरं तर मग' म्हणतो ना, अगदी तेच. फक्त आपण पुढे 'येतो' जोडतो.

प्रतिसाद

त्याच गाण्यात आणखी एक चकवा आहे. 'ओमोएबा इतो तोशी, कोनो तोशित्सुकी.' गाताना 'इतोशी' ऐकू येतं, म्हणजे 'प्रिय'. पण शब्द आहेत 'इतो' (फार) आणि 'तोशी' (वेगवान). 'आठवून पाहता ही वर्षं किती भरभर गेली' असं हवं.

हे गाणं 1884 साली शालेय गीतसंग्रहाच्या तिसऱ्या भागात आलं. चाल कुठली हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं. 2011 मध्ये ती 1871 च्या एका अमेरिकन गीतपुस्तकात सापडली, आणि तिथेही ते शाळा संपतानाचंच गाणं होतं! त्याच जपानी संग्रहाच्या पहिल्या भागातलं 'होतारु नो हिकारी' स्कॉटिश चालीवर आहे. काजव्यांच्या उजेडात आणि खिडकीतल्या बर्फाच्या प्रकाशात अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या जुन्या चिनी कथा त्याच्या पहिल्याच ओळीत आहेत.

प्रतिसाद

'पदवीदान' चालणार नाही, कारण सोत्सुग्यो प्राथमिक शाळेतूनही होतं. 'सोत्सु' म्हणजे पुरं करणं, 'ग्यो' म्हणजे अभ्यास, काम. हेच चिनी अक्षर 'गो' असं वाचलं की बौद्ध ग्रंथांतलं 'कर्म' होतं, आपल्या संस्कृत कर्माचं भाषांतर.

शब्दाचा पसाराही मोठा आहे. सिगारेट सोडली तरी 'सोत्सुग्यो', गायिका आपला गट सोडून गेली तरी 'सोत्सुग्यो'. युताका ओझाकी या गायकाच्या 1985 च्या 'सोत्सुग्यो' या गाण्यात तर शाळेच्या वर्चस्वातून सुटण्यालाच हा शब्द लावला आहे. मराठीत 'शाळा सोडली' म्हटलं की शिक्षण अर्धवट टाकलं असं वाटतं, आणि दाखला मात्र सगळ्यांनाच 'शाळा सोडल्याचा' मिळतो. म्हणून एकच प्रतिशब्द शोधू नका. शाळेपुरतं 'निरोपगीत' म्हणा.

प्रतिसाद

'निरोपगीत' जुन्या गाण्यांना शोभेल, नव्यांना अपुरं पडेल. 1991 साली साइतामा प्रांतातल्या चिचिबु इथल्या कागेमोरी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांनी शब्द लिहिले, संगीताच्या बाईंनी चाल लावली आणि शिक्षकांनी ते गाणं जाणाऱ्या मुलांना ऐकवलं. तेच 'ताबिदाची नो ही नि'. पुढे देशभर अनेक शाळांनी 'आओगेबा तोतोशी'च्या जागी ते घेतलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. जुन्या गाण्यात विद्यार्थी गुरूचं ऋण मानतो, इथे शिक्षकच मुलांना 'निघा' म्हणतात.

'ताबिदाची' म्हणजे प्रवासाला निघणं. याच गोतावळ्यात 'सुदाची' आहे, पिल्लानं घरटं सोडणं. आणि 'कादोदे' म्हणजे दारातून बाहेर पडणं. त्याला मराठीत 'प्रस्थान' हा सुंदर शब्द आहे. पालखीचं प्रस्थान म्हटलं की कुणाला शेवट आठवत नाही, वाट आठवते.

गाणी स्वतःची वाटही अशीच बदलतात. रेमिओरोमेन या बँडचं 2004 चं 'सान्गात्सु कोकोनोका', म्हणजे '9 मार्च', मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं होतं. एका दूरचित्रवाणी मालिकेत मुलांनी ते समूहात गायलं आणि ते शाळांचं झालं. लग्न काय, शाळा काय, दोन्हीकडे घराबाहेर पाऊलच पडतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फाटा काढून टाकला. ओळ आता अशी केली आहे : 'आत्ताच घेऊ या निरोप, चला, बरं तर मग'. 'बरं तर मग' गाण्यात जरा घरगुती होतं हे कळतंय, पण 'साराबा'चा अर्थ त्यातच नीट उतरतो, म्हणून ठेवते. शीर्षकासाठी 'प्रस्थानगीतं' घेते. 'इतो तोशी'ला 'किती झरझर' जास्त बरं की 'किती भरभर'?

प्रतिसाद

झरझर. 'तोशी'तला वेग त्यात आहे, आणि गातानाही लांबवता येतं.