दुष्ट राजांकडून नेमकं शिकायचं काय?

करंगळी:
शौल, रहबाम, अहाब, मनश्शे: बायबलमधले इस्राएल-यहूदाचे वाईट ठरलेले राजे. उपदेशात या मंडळींचा उपयोग एकच, ‘यांच्यासारखे होऊ नका’ म्हणायला. ऐकणारा बिनधास्त असतो, कारण बआल या परक्या दैवताची वेदी बांधायला त्याच्यापैकी कोणीच निघालेलं नसतं. माझं म्हणणं, राजाचं पाप बाजूला ठेवा, त्याच्या आधीची पायरी बघा.

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अध्याय १२ (१ राजे १२) घ्या. लोक शखेमला येऊन नव्या राजाला, रहबामाला म्हणतात, तुझ्या बापाने, शलमोनाने, लादलेलं जू हलकं कर. तो तीन दिवस मागून घेतो, वडीलधाऱ्यांना विचारतो. इथवर बोट ठेवायला जागा नाही. आता वचन ६ आणि ९ शेजारी ठेवा. वडीलधाऱ्यांना तो विचारतो, ‘तुमचा सल्ला काय?’ सोबत्यांना विचारतो, ‘आपण काय उत्तर द्यावं?’ त्या ‘आपण’मध्ये निकाल आधीच लागलाय. शिवाय वचन ८ सांगतं की वडिलांचा सल्ला टाकून दिल्यावर तो सोबत्यांकडे गेला. त्यांचं ऐकून तो कठोर उत्तर देतो आणि राज्य फुटतं. आणि मजकूर ज्यांना ‘पोरं’ म्हणतो ते हे सोबती त्याच्याबरोबर वाढलेले, तो स्वतः गादीवर बसला तेव्हा ४१ वर्षांचा (१४:२१). म्हणजे चाळिशीतली पोरं!

बायबल अभ्यासात वचनं १ ते २० मोठ्याने वाचा, पाच मिनिटंही लागत नाहीत. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या: गेल्या महिन्यात कोणाचा सल्ला घेतला, आणि विचारायच्या आधी मनात ठरलं होतं का. चिठ्ठ्या गोळा करू नका, वाचूनही घेऊ नका. वाचायच्या म्हटलं की लोक शोभेची उत्तरं लिहितात.

अहीयाचा झगा:
साफ असहमत. वचन १५ सोयीस्करपणे गाळलंत. लेखक स्वतः कारण देतो: संदेष्टा अहीयाच्या मुखाने यराबामाला (फुटून निघालेल्यांचा पुढचा राजा) दिलेलं वचन पुरं व्हावं म्हणून परमेश्वराकडूनच हे घडून आलं. राज्य फुटण्याचं मूळ अध्याय ११ मध्ये, शलमोनाच्या मूर्तिपूजेत आहे. तुम्ही त्याची सल्लामसलतीची कार्यशाळा केलीत.

‘दुष्ट वागलात तर बुडाल’ हे सूत्रही या पुस्तकात टिकत नाही. दुष्ट मनश्शेने ५५ वर्षं राज्य केलं. चांगल्या योशीयाने ३१, आणि इ. स. पू. ६०९ मध्ये तो मगिद्दोला मारला गेला. अहाबाचा बाप अम्री, त्याचा दरारा एवढा की अश्शूरी कोरीव लेखांत इस्राएलला ‘अम्रीचं घराणं’ म्हणतात. १ राजे १६ मध्ये त्याच्या कारकिर्दीला वचनं किती? सहा. लेखक कर्तबगारी मोजतच नाही. माणसांतून खरा राजा मिळत नाही हे तो दाखवतो, आणि ख्रिस्ती वाचक तिथून ख्रिस्ताकडे जातो. चिठ्ठ्यांकडे नाही.

करंगळी:
वचन १५ गाळलं, मान्य. पण वचन १३ तिथेच आहे, वडिलांचा सल्ला त्याने टाकला म्हणून. देवाची योजना सांगूनही लेखक राजाची जबाबदारी पुसत नाही. आणि या गोष्टी आपल्या बोधासाठी लिहिल्या, असं प्रेषित पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १०:११) म्हणतो.

अहीयाचा झगा:
पौल तिथे मिसरातून निघून रानात भटकलेल्या पिढीबद्दल बोलतोय, राजांबद्दल नाही.

द्राक्षमळा:
दोघंही बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला १७:१४-२० हा भाग विसरलात. राजासाठी मोजपट्टी तिथे आधीच आहे: घोडे फार नकोत, बायका फार नकोत, सोनं-रुपं फार नको, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घेऊन रोज वाचायची. आता शलमोन मोजा: १,४०० रथ, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी, वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं. ‘दुष्ट राजे’ मालिका अहाबापासून सुरू केली की मंदिर बांधणारा हा माणूस सुटतो. सुरुवात त्याच्यापासून करा.

दुसरं, मळा द्यायला नकार देणाऱ्या नाबोथाला खोट्या आरोपावर मारून अहाबाने तो घेतला, ही गोष्ट (१ राजे २१) शिकवताना सगळं खापर त्याच्या राणीवर, ईजबेलीवर फुटतं, आणि मग मंडळीत ठामपणे बोलणाऱ्या बाईला तेच नाव चिकटतं. मजकूर बघा. पत्रांवर शिक्का अहाबाचा. खोटे साक्षीदार उभे केले इज्रेलच्या वडीलजनांनी, एकानेही हरकत घेतली नाही. संदेष्टा एलीया येतो तो अहाबाला विचारतो, तू खून करून ताबाही घेतलास काय? अभ्यासात त्या वडीलजनांवर थांबा. आपल्यातले बहुतेक तिथेच सापडतील.

अहीयाचा झगा:
हे मला पटतं, कारण इथे निवाडा मजकुराचा आहे, तुमच्या चिठ्ठीचा नाही. पण मग मनश्शेचं काय करणार? २ राजे २१ मध्ये त्याचा पश्चात्ताप नाहीच, उलट २३:२६ मध्ये यहूदावरच्या कोपाचं कारण तोच. त्याच राजांबद्दलच्या दुसऱ्या पुस्तकात, २ इतिहास ३३ मध्ये, तो बेड्यांत बाबेलला जातो, नम्र होतो, परत येतो. दोन्हींची खिचडी करून ‘शेवटी सगळं गोड’ सांगणारे उपदेश राजांच्या पुस्तकाचं तोंडच बंद करतात.

करंगळी:
मनश्शेवर माघार. दोन आठवडे, दोन पुस्तकं, आधी राजे, मग इतिहास, मध्ये जोडकाम नाही. रहबामाची चिठ्ठी मात्र राहणार.

द्राक्षमळा:
मग तिसरी ओळ घाला: तो सल्ला देणाऱ्याचा त्यात फायदा काय होता?