ख्रिस्ती घरातून बौद्ध धम्मात : निपाणी-चिकोडी भागात प्रत्यक्ष काय करावं लागतं?

सीमेवरचा_वाचक
नमस्कार मंडळी. निपाणी तालुका. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, सगळं मेथडिस्ट मंडळीत. लग्नही चर्चमध्येच. आता रीतसर धम्मदीक्षा घ्यायची आहे. बायको ख्रिस्तीच राहणार, तिची हरकत नाही. मुलगी ४ वर्षांची.
विहारात जाऊन त्रिशरण-पंचशील घेतलं की झालं, का डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात काही द्यावं लागतं? चर्चमधून नाव कसं काढायचं? २२ प्रतिज्ञा तर हिंदू धर्म सोडणाऱ्यांसाठी आहेत, मग मी काय म्हणायचं? पणजोबांपर्यंत घर महारांचं होतं, तर एस.सी.चा दाखला मिळेल का?
कोणता धर्म चांगला यावर वाद नको, कृपया.

अर्जी_आणि_पोच
दादा, आधी कागद, मग दीक्षा. बरेच जण उलटं करतात आणि तिथंच अडकतात.

कर्नाटकात २०२२ चा धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा आहे. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, त्यामुळे "आता काही लागत नाही" असं चहाच्या टपरीवरचा प्रत्येक जण सांगतो. मंत्रिमंडळाचा ठराव म्हणजे रद्द झालेला कायदा नव्हे. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी काय लागू आहे ते डीसी ऑफिसात विचारा आणि उत्तर लेखी मागा.

कायद्यातली रीत अशी. दीक्षेच्या किमान ३० दिवस आधी तुम्ही फॉर्म १ द्यायचा. दीक्षा देणाऱ्यांनी (भन्तेजी म्हणजे भिक्खू असोत, वा विधी करणारे गृहस्थ बौद्धाचार्य) फॉर्म २ स्वतंत्र द्यायचा, तोही महिनाभर आधी. हे दुसरं हमखास राहतं. मग डीसी ऑफिस आणि तहसीलदार ऑफिसच्या फलकावर नोटीस लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस असतात. हरकत आली तर महसूल किंवा समाजकल्याण खात्यामार्फत चौकशी होते. दीक्षा झाल्यावर ३० दिवसांच्या आत फॉर्म ३ आणि तो दिल्यापासून २१ दिवसांत स्वतः हजर राहून ओळख पटवायची. पुढे ही नोंद संबंधित खात्यांना आणि तुम्ही नोकरीत असाल तर तिथंही कळवली जाते.

आता चुकतं कुठं? नावात. आधारवर सॅम्युअल, शाळेच्या दाखल्यावर शामुवेल, आणि कन्नडमध्ये टाइप करणाऱ्यानं तिसरंच काहीतरी केलेलं. तिन्ही कागदांची झेरॉक्स समोर ठेवून एकच नाव ठरवा आणि "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "ठेवून जा" म्हटलं तर ठेवून येऊ नका.

आणखी एक. तो फलक सगळं गाव वाचतं. आईला, सासऱ्यांना तुमच्या तोंडून आधी कळू दे, तहसील ऑफिसात उताऱ्याला गेलेल्या शेजाऱ्याकडून नको.

मुलीचं नाव यात घालू नका. १८ खालच्यांच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे.

पंचशील_निपाणी
विधीचं मी सांगते. तासाभराचा असतो. पांढरे स्वच्छ कपडे, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती एवढंच लागतं. कुणी हजारांत दक्षिणा सांगितली तर दुसरे भन्तेजी शोधा.

सुरुवात याचनेनं होते. "ओकास, अहं भन्ते..." म्हणून शील तुम्ही मागायचं, तेही तीनदा. न मागता शील कुणी देत नाही. बाळपणी डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, इथं तुमच्या तोंडून निघाल्याशिवाय पुढं सरकत नाही. मग "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" तीनदा, त्यानंतर बुद्ध, धम्म, संघ यांना शरण, पहिल्यांदा साधं, मग "दुतियम्पि" (दुसऱ्यांदा) आणि "ततियम्पि" (तिसऱ्यांदा) लावून. त्यानंतर पाच शीलं.

जीभ अडखळते ती पाचव्या, नशेपासून दूर राहण्याच्या शीलाला. "सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना" असं तोडून पाठ करा, आठवडाभरात बसतं. अर्थही नीट धरा. प्रत्येक शील "वेरमणी सिक्खापदं समादियामि" वर संपतं, म्हणजे "यापासून दूर राहण्याचा नियम मी शिकण्यासाठी घेतो". दहा आज्ञांच्या सवयीनं माणूस त्याला "करू नकोस" असं ऐकतो, मग एकदा शील मोडलं की पाप झालं, आता क्षमा कुणाकडं मागू, असं सुरू होतं. क्षमा करणारा इथं कुणी नाही. चूक ओळखायची आणि शील पुन्हा घ्यायचं, एवढंच.

प्रतिज्ञांबद्दल. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आधी स्वतः भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या जनसमुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या लोकांसाठी त्या होत्या, म्हणून एकोणिसाव्या प्रतिज्ञेत हिंदू धर्माच्या त्यागाचे शब्द आहेत. तुम्ही "माझ्या जुन्या धर्माचा" म्हणा, पण भन्तेजींशी हे आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी माईकवर गोंधळ नको. काही जण मूळ शब्दच जसेच्या तसे म्हणायला लावतात. माझ्या मते ते बरोबर नाही, जो धर्म तुमचा नव्हता तो तुम्ही सोडणार कसा?

पहिल्या प्रतिज्ञा तुम्हाला सोप्या जातील, कारण ब्रह्मा-विष्णू-महेश तुम्ही कधी मानलेच नाहीत. अवघड गोष्ट त्या बाविसात लिहिलेलीच नाही : जग निर्माण करणारा, प्रार्थना ऐकणारा देव धम्मात नाही. रात्री झोपताना "हे प्रभू, मुलीचा ताप उतरव" हे आपोआप ओठांवर येणार. मग लोक तेच वाक्य बुद्धमूर्तीपुढं म्हणू लागतात. त्याऐवजी त्याच वेळी दहा मिनिटं मेत्ता भावना (सगळ्यांचं भलं होवो असं मनात धरणं) करा, आधी स्वतःसाठी, मग मुलीसाठी, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी. आनापान (श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान) शिकायचं तर हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यनेचं धम्मालय आहे, निपाणीहून लांब नाही. शिबिर १० दिवसांचं, मौन, पहाटे ४ ला घंटा, फी नाही. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, म्हणून दीक्षेआधीच करून बघा.

भारतीय बौद्ध महासभेचं प्रमाणपत्र घेतलंत तर त्यावरची तारीख आणि फॉर्म ३ मधली तारीख एकच हवी.

जुना_मंडळीकर
चर्चचं थोडक्यात. मेथडिस्टांत पाळकांना सहीचं साधं पत्र द्या, "माझं नाव सभासद यादीतून कमी करावं", आणि पोच घ्या. बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद तशीच राहते, ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. कुणी कॅथलिक हे वाचत असतील तर : २००९ पासून त्यांच्या चर्च-कायद्यात रीतसर सोडून जाण्याची तरतूद उरलेली नाही, म्हणून फादरशी त्यावर हुज्जत घालू नका.
दफनभूमीचा विचार मात्र आत्ताच करा. सभासदत्व गेलं की तिथल्या जागेवर हक्क सांगता येत नाही. आईच्या वेळी पेटीला खांदा द्यायला, माती टाकायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. प्रभुभोजनाच्या वेळी फक्त बाकावर बसून राहा.

अर्जी_आणि_पोच
दाखल्याचं राहिलं. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० पासून बौद्धही येतात, हे खरं. पण के. पी. मनू खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयानं तीन गोष्टी मागितल्या : मूळ जातीचा ठोस पुरावा, पूर्वजांच्या मूळ धर्मात परत येणं, आणि त्या समाजानं स्वीकारल्याचा पुरावा. पुरावा एक वेळ मिळेल. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, गावच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात पणजोबांची जात मराठीत असू शकते. अडतं दुसऱ्या अटीवर. पूर्वज हिंदू महार, तुम्ही बौद्ध, हे "परत येणं" यात सरळ बसत नाही. शिवाय २०२४ च्या सेल्वराणी निकालात, केवळ आरक्षणासाठी केलेलं धर्मांतर ही राज्यघटनेशी फसवणूक असं न्यायालयानं म्हटलं. दाखल्याच्या आशेवर दीक्षा घेऊ नका. अल्पसंख्याक दर्जा तसाच राहतो, केंद्राच्या १९९३ च्या अल्पसंख्याकांच्या यादीत ख्रिस्ती आणि बौद्ध दोन्ही आहेत.

लग्न मोडत नाही. पण १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदारानं ख्रिस्ती धर्म सोडणं हे घटस्फोटाचं कारण धरलंय, तो मार्ग वहिनींना खुला राहतो हे माहीत असू द्या. वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा हिस्सा यामुळे जात नाही. तुमच्या पश्चात मात्र ख्रिस्त्यांना लागणाऱ्या १९२५ च्या वारसा कायद्याऐवजी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागेल, तो बौद्धांनाही आहे. घरात दोन धर्म असताना वाद नको असेल तर मृत्युपत्र करा : दोन साक्षीदार, दोघांच्या सह्या, आणि सबरजिस्ट्रारकडे नोंदणी. नोंदणी सक्तीची नाही, पण करा.

सीमेवरचा_वाचक
फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. एकच उरलं. हॉलमधला क्रूस आणि बायबल काढावं का?

पंचशील_निपाणी
ते वहिनींचं आहे, हात लावू नका. बुद्धमूर्ती दुसऱ्या भिंतीला, छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवा. मेणबत्त्या दोन्हीकडे लागतात, एकाच पुड्यातल्या चालतात.