गावाच्या इतिहासात मूळ कागदातले शब्द ठेवावेत की बदलावेत?

प्रश्न (अंबाजोगाई तालुक्यातून):
आमच्या गावाचा इतिहास मी गेली तीन वर्षे लिहीत आहे आणि हस्तलिखित आता छपाईला द्यायचे आहे. ते वाचून देणाऱ्या स्नेह्यांनी ‘आड’ असेल तेथे ‘विहीर’, ‘माळवद’ असेल तेथे ‘छत’ केले आणि निजामकाळातील कागदांमधून घेतलेल्या उताऱ्यांत ‘मोमिनाबाद’ खोडून ‘अंबाजोगाई’ घातले. बाहेरच्या वाचकाला कळावे हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण दुरुस्त प्रत वाचताना गाव आपले वाटेनासे झाले. शिवाय एका कागदावर नुसतेच ‘सन १३३५’ आहे. तो आकडा कसा द्यावा?

उत्तर (मुद्रितशोधन व संपादन करणारा, लातूर):
आपली खंत रास्त आहे. आड आणि विहीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आड अरुंद, वाड्याच्या चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेला, पोहऱ्याने पाणी शेंदण्याचा. विहीर मळ्यातली, जिच्यावर मोट चालायची. आणि पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते ती बारव. तिन्हींना ‘विहीर’ म्हटले की गावाने पाणी कोठून आणि कसे भरले, हेच वाचकाच्या हातून निसटते. माळवदाचेही तसेच आहे. शब्द ठेवावा आणि तो पहिल्यांदा येईल तेथे ‘लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छप्पर’ एवढे वाक्यातच सांगावे. पुढे पुन्हा समजावू नये.

उताऱ्यातील शब्दांना मात्र मुळीच हात लावू नये. कागदात मोमिनाबाद असेल तर मोमिनाबादच छापावे आणि शेजारी चौकटी कंसात ‘आताचे अंबाजोगाई’ लिहावे, म्हणजे कागद कोठे बोलतो आणि आपण कोठे बोलतो हे वाचकाला स्पष्ट दिसेल. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणे होय, असे त्यांनी शेवटी बजावून ठेवले. आपल्या भागातील संपादकाला याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

सन १३३५ हा निजामाच्या मुलखातला फसली सन, म्हणजे महसुली कारभारातील वर्षगणना, असणार. त्यात ५९० मिळवावेत, ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने ‘फसली १३३५ (इ.स. १९२५-२६)’ असे दोन्ही आकडे द्यावेत. एका स्मरणिकेत असाच फसली आकडा इसवी सन म्हणून छापलेला मी पाहिला आहे. निजामकाळातला कागद त्यामुळे यादवांच्या काळानंतर थोड्याच वर्षांत जाऊन बसला होता.

उत्तर (इतिहासाची प्राध्यापिका, नांदेड):
वरील मताला माझी सहमती आहे. संदर्भांविषयी थोडी भर घालते. कागद कोणता, कोणाच्या घरी किंवा कोणत्या दप्तरात पाहिला, त्यावरील तारीख आणि तो उर्दूत आहे की मोडीत, एवढे प्रत्येक वेळी नोंदवावे. आपल्याला दुसऱ्याने वाचून दाखवला असेल तर वाचणाऱ्याचे नावही द्यावे. १९४८ पूर्वीचा महसुली कारभार मुख्यतः उर्दूत चालत असल्याने हे वारंवार लागेल. एखादा मजकूर दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला असेल तर त्या पुस्तकाचाच उल्लेख करावा. मूळ कागद स्वतः पाहिल्यासारखे लिहिणे ही वाचकाची फसवणूक आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींनाही हाच न्याय लावावा: सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, वय आणि ऐकल्याची तारीख. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार!

उत्तर (लातूर, पुन्हा):
एक राहिले. शब्द बोलीतले ठेवले तरी आपल्या निवेदनाचे लेखन नियमाप्रमाणेच असावे. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४ नियम हाताशी ठेवावेत. ‘विहीर’ दीर्घ, पण ‘विहिरीत’ ऱ्हस्व. ‘शरीर’ मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, असल्यामुळे ‘शरीरात’ दीर्घच राहते. आणि ‘ग्रामपंचायतीद्वारे आड बुजविण्यात आला’ असे लिहू नका. ग्रामपंचायतीने आड बुजवला, असे सरळ लिहा.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचेही मनापासून आभार. आजच स्नेह्यांना फोन करून आड, माळवद आणि मोमिनाबाद तिन्ही परत आणतो. तो कागद मला आमच्या गावच्या एका आजोबांनी वाचून दाखवला होता. त्यांचे नाव लिहायचे राहूनच गेले होते, तेही घालतो.