बुटका गहू लोळत नाही, पण उतारा कशाने वाढतो?

प्रश्न (शिरोळ): सोयाबीननंतर पेरलेला आमचा जुना उंच गहू युरियाचा दुसरा हप्ता दिल्यावर वाऱ्याने लोळला, शेजारच्या वाफ्यातला बुटका मात्र ताठ उभा राहिला. उंची घटवणारे जनुक उताराही वाढवते का?

उत्तर (कागल): होय, आणि केवळ न लोळण्यामुळे नव्हे. जपानी ‘नोरिन १०’ या गव्हाच्या वाणातून आलेली, उंची घटवणाऱ्या जनुकांची आरएचटी-बी१बी व आरएचटी-डी१बी ही रूपे असलेली झाडे जिबरेलिन या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत, त्यामुळे कांड्या आखूड राहतात आणि वाचलेले अन्न ओंबीकडे वळून दाण्यांची संख्या वाढते.

उत्तर (हातकणंगले): याच जनुकांमुळे कोंबाचे आवरणही आखूड होते, खोल पेरल्यास उगवण विरळ होते, म्हणून बी पाच सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता: म्हणजे पाभर वर धरायला हवी. काड कमी मिळेल, पण म्हशींना उसाचे वाढे आहेच.