पराभवानंतर पक्षाची फेरबांधणी : शाखेने नेतृत्वाला नेमके काय कळवावे?

प्रश्न – शाखासचिव

नमस्कार. मी एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेचा सचिव आहे. पक्षाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते दिले की चर्चा त्या पक्षाच्या बऱ्यावाईटाकडे वळेल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल. लागोपाठ दोन निवडणुकांत आमचा दारुण पराभव झाला. त्यानंतर पक्षश्रेष्ठींनी सर्व शाखांकडून फेरबांधणीबाबत लेखी सूचना मागवल्या असून आमच्या शाखेचे निवेदन लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

त्यासाठी आम्ही सभासदांची बैठक घेतली. तरुणांना पुढे आणावे, समाजमाध्यमांवर अधिक काम करावे, पक्ष सोडून गेलेल्यांना परत घेऊ नये, मित्रपक्षांचा फेरविचार करावा, अशा सूचना भरपूर आल्या. त्यांपैकी बहुतेक योग्यच आहेत; परंतु अशाच सूचनांचे गठ्ठे प्रत्येक शाखेकडून वर जातील आणि फायलीत पडून राहतील, अशी मला भीती वाटते. बैठक संपत आली असताना मागच्या रांगेतील एका ज्येष्ठ सभासद बाईंनी विचारले, "निवडणूक लागली की आपण प्रचार करतो, हे खरे. पण सभासद म्हणून आपण या पक्षात ठरवतो काय?" उमेदवार वरून येतो, शाखाध्यक्षांची नेमणूक वरून होते आणि जाहीरनामा छापून झाल्यावर आमच्या हातात पडतो. त्यांच्या प्रश्नाला कोणालाही उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाला धरून निवेदनात एखादी ठोस मागणी मांडावी, असे मला वाटते. ती कोणती असावी? पराभवानंतर इतर पक्षांनी असे काही केल्याची उदाहरणे आहेत का?

उत्तर १ – जुना कार्यकर्ता

त्या बाईंचा प्रश्न आपल्या निवेदनाचे पहिलेच वाक्य होऊ द्या. त्यानंतर एकच मागणी ठामपणे मांडा : उमेदवार ठरवताना त्या मतदारसंघातील सभासदांना मताचा अधिकार मिळावा.

पक्षातील बाकीच्या सगळ्या सवयी उमेदवारी कोणाच्या हातात आहे यावरून ठरतात. तिकीट वरून मिळणार असेल, तर इच्छुक माणूस पाच वर्षे वरच्यांच्या दारात उभा राहतो. सभासदांच्या मतावर मिळणार असेल, तर त्याला शाखेत यावे लागते, बैठकीला बसावे लागते आणि अडचणीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी पक्षात आलेल्या माणसाला तिकीट दिले जाते, तेव्हा तो कार्यकर्ता दर वेळी बंडखोरी करतोच असे नाही. बहुधा तो काही न बोलता घरी बसतो. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून ठरलेल्या अंतरावरच्या आपल्या टेबलाजवळ यादी घेऊन बसायला माणूस नसतो, तेव्हा त्या घरी बसण्याची खरी किंमत कळते. मतदारालाही ते रिकामे टेबल दिसतेच.

ब्रिटनमधील मजूर पक्षाचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. १९८३ च्या निवडणुकीत त्या पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. पुढे १९८७ आणि १९९२ मध्येही तो हरला. उमेदवार निवडीत कामगार संघटनांच्या गठ्ठा मतांचे वजन मोठे होते. १९९३ च्या अधिवेशनात ते दूर करून एक सभासद, एक मत हे तत्त्व स्वीकारले गेले. उद्योगांच्या सामाजिक मालकीचे उद्दिष्ट सांगणारे पक्षघटनेतील जुने कलम त्यानंतर, म्हणजे १९९५ मध्ये बदलले, आणि १९९७ मध्ये पक्षाने ४१८ जागा जिंकल्या. तो विजय केवळ या बदलांमुळे मिळाला, असा दावा मी करणार नाही, कारण सत्ताधाऱ्यांविषयीची नाराजीही मोठी होती. पण क्रम लक्षात घ्यावा. आधी सभासदाच्या मताला वजन आले, मग धोरणातला वादग्रस्त बदल पक्षाच्या गळी उतरला.

जर्मनीत ही गोष्ट पक्षांच्या मर्जीवर सोडलेलीच नाही. तेथील राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदानुसार पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी लागते, आणि निवडणूक कायद्याप्रमाणे उमेदवार सभासदांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने निवडावा लागतो. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार नोंदणीसाठी पक्षाला आपली घटना आयोगाकडे द्यावी लागते, मात्र उमेदवार कसा निवडावा याबाबत कायदा पक्षांवर बंधन घालत नाही. त्यामुळे असा बदल पक्षाने स्वतःहूनच करावा लागतो, आणि तो बहुधा पराभवानंतरच करता येतो. विजयी पक्षात इच्छुकांची गर्दी एवढी असते की नियम बदलण्यात कोणालाच रस नसतो.

मागणीसोबत एक अट मात्र अवश्य घाला, नाहीतर ती अंगलट येईल. सभासद यादी आधी खरी झाली पाहिजे. नोंदणी मोहिमेत पावतीपुस्तके इच्छुकांच्याच हाती जातात आणि एकच माणूस शेकडो जणांचे शुल्क भरून टाकतो, हे आपण सगळे जाणतो. आपल्या शाखेची नोंदवही उघडून पाहा. पानेच्या पाने एकाच हस्ताक्षरात भरलेली असतील, अनेक नावांपुढे एकच दूरध्वनी क्रमांक असेल, काही माणसे गाव सोडून गेलेली असतील आणि काही हयातही नसतील. अशा यादीवर मतदान घेतले, तर पावत्या विकत घेणाऱ्याच्या हाती पक्ष आयता जाईल. म्हणून प्रत्येक सभासदाची घरी जाऊन पडताळणी व्हावी, आणि उमेदवार निवडीत मत देण्यासाठी किमान एक वर्षाचे सभासदत्व आवश्यक असावे.

उत्तर २ – हिशेबनीस

वरील उत्तराशी सहमत आहे, पण पैशाचा विषय सुटला आहे. मताचा अधिकार दिला आणि खर्च उमेदवारानेच करायचा असला, तर सभासदांसमोर श्रीमंत इच्छुकांपैकी एकाला निवडण्याचाच पर्याय उरेल.

ब्रिटनच्या हुजूर पक्षाने १९४५ च्या पराभवानंतर या दुखण्याला हात घातला होता. त्या काळी अनेक मतदारसंघांत स्थानिक संघटनेला किती वर्गणी देणार हे पाहून उमेदवार ठरत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पक्षाने नेमलेल्या मॅक्सवेल फाइफ समितीने त्यावर मर्यादा आणली : उमेदवाराने स्थानिक संघटनेला वर्षाला २५ पौंडांपेक्षा आणि खासदाराने ५० पौंडांपेक्षा अधिक द्यायचे नाही, आणि निवडणुकीचा खर्च संघटनेने उचलायचा. साहजिकच निधीसाठी संघटनेला लोकांकडे जाणे भाग पडले. याच काळात लॉर्ड वूल्टन पक्षाध्यक्ष असताना सभासदसंख्या २० लाखांच्या पुढे गेली. १९५१ मध्ये पक्ष सत्तेवर आला आणि १९६४ पर्यंत टिकला.

यातला बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. एका श्रीमंत माणसाकडून मोठी रक्कम घेणारी शाखा त्याची मिंधी होते, तर हजार घरांतून लहान वर्गणी गोळा करणाऱ्या शाखेला वर्षातून एकदा तरी त्या हजार घरांची पायरी चढावी लागते. निवेदनात एवढे नक्की लिहा की शाखेची वर्गणी शाखेच्याच खात्यात जमा व्हावी, तिचा ठरावीक वाटा शाखेकडे राहावा आणि जमाखर्च दरवर्षी सभासदांच्या सभेत वाचला जावा.

उत्तर ३ – तटस्थ वाचक

मी कोणत्याही पक्षाची सभासद नाही, मतदार आहे, आणि वरील दोन्ही उत्तरांना थोडा विरोध नोंदवते. सभासद म्हणजे मतदार नव्हेत. पराभूत पक्षात उरलेले सभासद बहुधा अधिक निष्ठावान, अधिक कडवे आणि दुरावलेल्या मतदारांपासून अधिक लांब असतात. ब्रिटनमध्ये २०२२ साली हुजूर पक्षाच्या सभासदांनी लिझ ट्रस यांना नेतेपदी निवडले, परंतु पक्षाच्या खासदारांच्या शेवटच्या फेरीत त्यांना ऋषी सुनक यांच्यापेक्षा कमी मते होती. ट्रस यांचे पंतप्रधानपद ४९ दिवस टिकले. सभासदांचे मत हे आपोआप शहाणपणाचे मत असते, असे गृहीत धरू नये.

कॅनडातील लिबरल पक्षाने यावर निराळा मार्ग काढला. २०११ मध्ये तो पक्ष ३४ जागांवर आला, जी त्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट कामगिरी होती. २०१२ च्या अधिवेशनात त्यांनी शुल्क न भरणाऱ्या समर्थकांचा वेगळा वर्ग तयार केला आणि नेता निवडताना त्यांनाही मताचा अधिकार दिला. २०१५ मध्ये पक्षाने ३३८ पैकी १८४ जागा जिंकल्या.

आणखी एक गोष्ट. "राजकारणात दिवस पालटतातच" या समजुतीवर कृपा करून विसंबू नका. भारतात काँग्रेस १९७७ मध्ये १५४ जागांवर आली आणि १९८० मध्ये ३५३ जागांसह परतली, पण त्यात मधल्या काळातील जनता पक्षाच्या फुटीचा वाटा मोठा होता. भारतीय जनता पक्ष १९८४ मध्ये २ जागांवर होता आणि १९८९ मध्ये ८५ जागांवर गेला; त्यामागे संघटनेइतकीच तेव्हाची आघाड्यांची गणिते आणि बोफोर्स प्रकरणामुळे सरकारवर असलेला रोषही होता. ग्रीसमधील पासोक हा समाजवादी पक्ष २००९ मध्ये जवळपास ४४ टक्के मते घेऊन सत्तेवर आला आणि जानेवारी २०१५ मध्ये ५ टक्क्यांच्याही खाली गेला. प्रतिस्पर्ध्याच्या फुटीची वाट पाहणे हा फेरबांधणीचा कार्यक्रम होऊ शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : निवेदन लिहिण्यापूर्वी, मागच्या वेळी आपल्याला मत दिलेल्या पण या वेळी न दिलेल्या काही घरांत जा. प्रचारपत्रक नेऊ नका आणि त्यांच्याशी वाद घालू नका. ते काय म्हणतात तेवढे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि निवेदनाला जोडा.

शाखासचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोंदवहीबद्दल जुना कार्यकर्ता यांनी लिहिलेले आमच्या शाखेला तंतोतंत लागू पडते. तटस्थ वाचक ताईंची सूचनाही पटली, आणि घरी जाऊन ऐकण्याचे काम ज्यांनी बैठकीत प्रश्न विचारला त्याच बाईंकडे द्यावे, असे मनात आहे. मात्र एक शंका उरते. नेतृत्वाने पराभवाची कारणमीमांसा करण्यासाठी समिती नेमली आहे. त्या समितीचा अहवाल येईपर्यंत आम्ही थांबावे का?

उत्तर ४ – जुना कार्यकर्ता

थांबू नये. पराभवानंतर समित्या नेमल्या जातात, चिंतन शिबिरे होतात आणि बहुतेक अहवाल सभासदांच्या दृष्टीसही पडत नाहीत. अहवाल प्रसिद्ध झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाने २०१२ च्या पराभवानंतर मार्च २०१३ मध्ये सविस्तर अहवाल जाहीर केला. स्थलांतरितांबाबत मवाळ धोरण घ्यावे आणि हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या, समाजाशी जवळीक वाढवावी, असे त्यात सुचवले होते. परंतु उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांतील मतदारांनी २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांना निवडले, ज्यांची भूमिका नेमकी उलट होती, आणि ती निवडणूक पक्षाने जिंकलीही. त्यात कोणाचे बरोबर होते, हा वेगळा वाद आहे. निवड ज्यांच्या हाती होती, त्यांना तो अहवाल आपला वाटला नव्हता, एवढे मात्र त्यातून दिसते.

तटस्थ वाचक यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याची सोय मागणीतच करता येईल. सभासदांनी गुप्त मतदानाने तीन नावे क्रमाने सुचवावीत, आणि नेतृत्वाने त्यांतून निवड करावी. पहिले नाव डावलायचे असेल, तर त्याचे कारण शाखेला लेखी कळवावे. यामुळे नेतृत्वाचा अंतिम अधिकार राहतो आणि सभासदाच्या मताकडे दुर्लक्ष करणे मात्र अवघड होते. उमेदवार बाहेरून आणण्याची खरोखरच गरज असेल, तर ती नेतृत्वाने सभासदांच्या सभेत येऊन समजावून सांगावी.

निवेदन दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. ते सभासदांच्या सभेत वाचून, ठराव म्हणून संमत करून घ्या आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. ज्यांचा विरोध असेल, त्यांचे म्हणणेही इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे पुढे कोणी ते एका गटाचे पत्र म्हणून बाजूला सारू शकणार नाही. शेवटच्या परिच्छेदात उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे ते लिहा. त्या तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी शाखेची सभा आत्ताच जाहीर करून जिल्हा पदाधिकाऱ्यांना तिचे निमंत्रण निवेदनासोबतच पाठवा.