मदत हवी आहे : क्लासमध्ये चेहऱ्याने हजेरी, नकार देता येतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही जळगावचे. मुलगी अकरावीला, १६ वर्षांची. तिच्या क्लासने हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन बसवलंय. आम्हाला ना विचारलं, ना सही घेतली. (उन्हामुळे पोरी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून येतात, तो सोडेपर्यंत दारात रांग. तो वेगळाच तमाशा.)

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. तोवर काय करायचं? वहीत हजेरी घ्या म्हटलं, तर सर म्हणे, "बाकीच्यांचं चाललंय ना?"

साठवलेला चेहरा पुसा, असा अर्ज कुणी दिलाय का? मजकूर असेल तर टाका. भुसावळ-धुळ्याकडे क्लासवाले काय करतात?